गल, गोटी आणि नेम : ठाणे-कल्याणच्या अंगणांचा एक इतिहास

जमिनीवरून गडगडत जाणारी लहानशी गोल वस्तू ठरावीक अंतरावरच्या खळग्यात नेमकी पोहोचवणे हे एकच कौशल्य दोन अगदी भिन्न समाजांत खेळ म्हणून रुजले, आणि दोहोंच्या वाट्याला आलेला इतिहास मात्र कमालीचा वेगळा निघाला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या गोल्फमध्ये, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर चेंडू न उडवता सपाट तोंडाच्या काठीने हलकेच लोटून भोकात घालण्याच्या क्रियेला पटिंग म्हणतात, आणि त्या एका क्रियेभोवती नियमावल्या, पदके, मोजमापाची उपकरणे आणि भलेमोठे ग्रंथभांडार उभे राहिले. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात तेच कौशल्य अंगणातल्या गलीपाशी, म्हणजे गोट्या खेळण्यासाठी मातीत केलेल्या खळगीपाशी, पिढ्यान्‌पिढ्या घोटले गेले. त्याच्या नशिबी ‘गोट्या खेळत बसणे’ हा रिकामटेकडेपणाचा वाक्प्रचार तेवढा आला.

‘गल’ आणि ‘गोल्फ’ या शब्दांतील ध्वनिसाम्यावरून दोन्ही खेळांचे नाते जुळवण्याचा मोह एखाद्याला होईल, पण त्याला आधार नाही. गोल्फ हा शब्द काठी किंवा सोटा या अर्थाच्या जुन्या डच शब्दाशी जोडला जातो. म्हणजे त्या खेळाचे नाव हत्यारावरून पडले, भोकावरून नव्हे. गोटी हे नाव गोटा या शब्दाचे लघुरूप असून गारगोटी या शब्दातही ते शाबूत आहे, आणि उल्हास व काळू या नद्यांच्या पात्रांत घासून गुळगुळीत झालेले गोटे पाहिले म्हणजे या भागातील मुलांना खेळण्याचे पहिले साधन कोठून मिळाले असेल याचा अंदाज बांधणे अवघड जात नाही. दगडाच्या व भाजलेल्या मातीच्या छोट्या गोळ्या हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर सापडल्या आहेत, तेव्हा खेळाच्या प्राचीनतेविषयी वाद घालण्याचे कारण नाही. ना. धों. ताम्हनकरांनी आपल्या बालनायकाला ‘गोट्या’ हे नाव दिले आणि ते घरोघर झाले, यावरूनही मराठी माणसाच्या मनात मूल आणि गोटी यांची सांगड किती घट्ट होती ते दिसते.

गोल्फ मुंबईत लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा, म्हणजे हिंदुस्थानात प्रवासी आगगाडी सुरू होण्यापूर्वीचा. सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या पंढरीत मुंबईच्या नावाचे एक रौप्यपदकही खेळले जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला थांबली आणि पुढच्याच वर्षी मार्ग कल्याणपर्यंत गेला, तरीही गोल्फ या दोन गावांत उतरला नाही. याचे कारण वसाहतीच्या रचनेत सापडते. ठाणे हे जिल्ह्याचे ठाणे, तेथे किल्ल्यातला तुरुंग आणि कचेऱ्या; कल्याण हे जुने बंदर आणि आता दोन घाटांचे जंक्शन, जेथून एक फाटा बोरघाटाने पुण्याकडे आणि दुसरा थळघाटाने नाशिककडे वळतो. गोरे अधिकारी आणि पलटणी यांची मोठी वस्ती या फाट्यांच्या पलीकडच्या टोकांना, पुण्याच्या व देवळालीच्या छावण्यांत होती, आणि खेळाची हिरवळ वस्तीमागे गेली. पुढे मुंबई बेटाबाहेर चेंबूरला १९२७ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब उभा राहिला. ठाणेकराला गोल्फ त्याहून जवळ बराच काळ आला नाही.

दख्खनच्या छावण्यांत गोल्फला जी तडजोड करावी लागली ती येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. आठ महिने कोरड्या राहणाऱ्या प्रदेशात भोकाभोवती बारीक हिरवळ टिकवणे पाण्याअभावी शक्य नसे, म्हणून हिंदुस्थानातील अनेक मैदानांवर, विशेषतः लष्करी, वाळूत तेल मिसळून ती दाबून बसवली जाई, आणि हिरवळीला ‘ग्रीन’ म्हणत त्याच चालीवर या तपकिरी पृष्ठभागाला ‘ब्राऊन’ म्हणत. चेंडूची वाट एखाद्या फळीने किंवा झाडणीने साफ करून मगच पट मारायचा असा तेथील शिरस्ता होता. दुसऱ्या शब्दांत, साहेबाचा खेळ या मुलखात नीट बसला तो हिरवळ सोडून चोपलेल्या, झाडलेल्या मातीवर आल्यावर. आणि चोपलेली, झाडलेली माती ही तर शेजारच्या प्रत्येक गावात घरासमोर हजर होती.

अंगण ही गोष्ट आपोआप होत नसे. पावसाळ्यात शेवाळलेली आणि उखणलेली जमीन दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कुदळीने उकरून, त्यात मुरूम आणि माती घालून, पाणी शिंपडून धुमसाने, म्हणजे जड लाकडी ठोकळ्याला दांडा बसवलेल्या साधनाने, ठोकली जाई. मग चोपणे नावाच्या चपट्या फळीने बसकण मारून ती इंच इंच थापली जाई आणि शेवटी शेणकाल्याने सारवली जाई. भाताची मळणी करण्यासाठी शेतकरी जे खळे करी त्याची पद्धतही हीच. ही सारी मेहनत बहुतांशी घरातील स्त्रियांची होती, आणि गोट्यांच्या खेळाचे मैदान तयार करणाऱ्या हातांचा उल्लेख खेळाच्या आठवणींत क्वचितच येतो. सारवण ओले असताना गोटी रुतते, दुसऱ्या दिवशी ती संथ पण सरळ जाते, आणि आठवड्याने वरचा थर सुटून बारीक धूळ झाली म्हणजे तीच गोटी शेवटच्या वितीत दिशा सोडते. ज्या मुलाला आज अंगण कितव्या दिवसाचे आहे हे पायाला कळे, त्याचा अर्धा डाव तेथेच जिंकलेला असे.

गोल्फच्या जगात हेच ज्ञान आकड्यात बांधण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. १९३५ साली एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकी खेळाडूने उतरत्या पट्टीवरून चेंडू सोडून तो हिरवळीवर किती फूट धावतो हे मोजण्याचे साधे उपकरण बनवले, ते पुढे स्टिम्पमीटर म्हणून रूढ झाले आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने सुधारून स्वीकारले. त्यातून मिळणाऱ्या आकड्यावरून हिरवळ जलद की मंद हे ठरते. अंगणात हे काम रेघेवरून विनामोल सोडलेली पहिली गोटी करी.

आता प्रत्यक्ष गलीकडे वळता येईल. मऊ केलेल्या जागी टाच रोवून शरीर गोल फिरवले की दोन-तीन बोटे खोल, वाटीसारखी खळगी तयार होते, तिचा काठ ओल्या बोटाने दाबून पक्का केला जातो. कोठे तिला गल म्हणतात, कोठे गल्ली. आठ-दहा पावलांवर एक रेघ ओढली जाते आणि प्रत्येक गडी रेघेवरून एकेक गोटी गलीकडे सोडतो. ज्याची गोटी गलीत किंवा गलीच्या सर्वांत जवळ, त्याचा पहिला डाव. सर्वांकडून जमवलेल्या गोट्या मग तो गडी मुठीत घेऊन एकदम गलीकडे फेकतो, ज्या आत पडतील त्या त्याच्या, आणि बाहेर विखुरलेल्यांपैकी एका गोटीकडे प्रतिस्पर्धी बोट दाखवतो. रेघेवरूनच तेवढी एक टिपायची, दुसरीला धक्का लागला तर दंड. प्रतिस्पर्धी अर्थातच अशी गोटी निवडतो की जिच्या पुढे-मागे दुसऱ्या दोन खेटून असतील. काही डावांत हरलेल्याला गोटी कोपराने ढकलत गलीपर्यंत नेण्याची शिक्षा असे, आणि त्याला असे पिदवताना सोललेली कोपरे घरी लपवावी लागत.

नेमाच्या दोन रीती होत्या आणि दोहोंचे तंत्र वेगळे होते. जवळची गोटी टिपताना डाव्या हाताचा अंगठा जमिनीवर रोवून त्याच हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाशी गोटी धरली जाते, उजव्या हाताने ते बोट धनुष्यासारखे मागे ताणले जाते आणि एका क्षणी सोडले जाते. अंगठा हलला की नेम गेला, म्हणून जाणता खेळाडू अंगठ्याखालची माती आधी फुंकून साफ करी. लांबून गलीत गोटी घालताना मात्र ती ओणवे होऊन, हात जमिनीलगत आणून सोडावी लागते. येथे पटिंगशी तुलना नेमकी लागू पडते. ठोकलेला किंवा फेकलेला भरीव गोल सुरुवातीला गडगडत नाही, घसरतो. घर्षणाने त्याला हळूहळू फिरकी मिळते, आणि निखळ गडगडू लागेपर्यंत त्याने आपल्या मूळ वेगाचा दोन-सप्तमांश भाग गमावलेला असतो. गोटी असो वा गोल्फचा चेंडू, हे प्रमाण तेच. म्हणून जो खेळाडू हातातून सोडतानाच गोटीला पुढची फिरकी देतो त्याची गोटी कमी जोरात जास्त भरवशाने जाते. गोल्फच्या शिक्षकांनी काठीचा झुलता लंबकासारखा फटका शिकवताना साधायचा परिणाम हाच असतो.

गोल्फच्या भोकाचीही एके काळी गलीसारखीच दशा होती. १७४४ साली लीथ येथे लिहिलेल्या तेरा नियमांपैकी पहिलाच नियम सांगतो की पुढचा फटका भोकापासून काठीभर अंतराच्या आत चेंडू ठेवून सुरू करावा. खेळाडू चेंडू ठेवण्यासाठी मातीची ढेकळी करीत आणि त्यासाठी वाळू भोकातूनच उपसत, त्यामुळे दिवस सरता सरता भोक खोल आणि फाटके होत जाई. मसलबरा येथे १८२९ च्या सुमारास भोक पाडण्याचे लोखंडी साधन आले, आणि १८९१ साली सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, हा व्यास प्रमाण ठरला. चेंडूचा किमान व्यास आज ४२.६७ मिलिमीटर आहे. म्हणजे भोक चेंडूच्या अडीचपट. टाचेने केलेली गल १६ मिलिमीटरच्या गोटीच्या चौपट भरते, त्यामुळे कागदावर गल सोपी वाटेल. पण गोल्फच्या भोकाच्या भिंती सरळ उभ्या असतात आणि चेंडू एकदा काठाखाली गेला की परत येत नाही. गल ही वाटी आहे, जोरात आलेली गोटी एका बाजूने उतरते आणि दुसऱ्या बाजूने चढून निघून जाते. गल वेगाची चूक माफ करीत नाही. दिशेपेक्षा वेग महत्त्वाचा, हा जो धडा पटिंग शिकणाऱ्याला पुनःपुन्हा द्यावा लागतो, तो गलीच्या आकारातच कोरलेला होता.

साधनाच्या इतिहासात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मोठे वळण आहे, आणि योगायोगाने ते दोन्ही खेळांत जवळपास एकाच वेळी आले. १८४८ च्या सुमारास चामड्यात पिसे ठासून भरलेल्या महागड्या चेंडूंची जागा मलायातील झाडांच्या चिकापासून केलेल्या गट्टापर्चाच्या स्वस्त चेंडूंनी घेतली, आणि त्याच सुमारास जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात काचेची गोटी कापून घडवणारी विशेष कात्री निघाल्याने काचेच्या गोट्या मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. कोकणपट्टीत तोवर मातीच्या, दगडाच्या आणि लाखेच्या गोट्या चालत. त्यांचा गोलावा हाताच्या कौशल्यावर अवलंबून, त्यामुळे प्रत्येक गोटीची स्वतःची खोड असे आणि खेळाडू आपली गोटी सहसा दुसऱ्याला देत नसे. काचेने ती खोड संपवली. १८७२ साली हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने पेटंट घेतलेली बाटली, जिच्या मानेत अडकवलेली गोटी आतल्या वायूच्या दाबाने रबरी कडीवर घट्ट बसून बूच होते, हिंदुस्थानात सोडावॉटरबरोबर आली आणि मराठीत ‘गोटी सोडा’ झाली. बाटली फुटली की गोटी मोकळी, आणि ती बाजारच्या गोटीपेक्षा थोडी मोठी व जड असल्याने टिपायला उत्तम. सोडावाल्याच्या बाटल्या नेमक्या सुटीच्या दिवसांत का फुटत, हा प्रश्न त्या काळच्या दुकानदारांना पडला असेल तर त्याचे उत्तर गलीपाशी होते.

इतके तंत्र असलेला खेळ कागदावर का उतरला नाही, याची कारणे शोधली पाहिजेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोच्या नियमांना आकार देण्याचे काम हाती घेतले, हुतुतूच्या नियमांवर त्याच सुमारास सातारा-बडोद्याकडे काम झाले, आणि बडोद्याहूनच द. चिं. मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंडांत व्यायामज्ञानकोश काढला. या साऱ्या खटाटोपामागे राष्ट्रीय वृत्ती घडवणारे, दम वाढवणारे, सांघिक खेळ पुढे आणण्याची प्रेरणा होती. गोट्यांत दम लागत नाही, संघ नसतो, आणि जिंकलेल्या गोट्या खिशात जातात, म्हणजे जुगाराचा वास येतो. तेव्हा त्यांना संघटना लाभली नाही यात नवल नाही. पण एकाच हालचालीचा हजारो वेळा सराव, पृष्ठभागाचे वाचन, चुकीनंतर लगेच होणारी दुरुस्ती हे जे गुण आधुनिक क्रीडाशिक्षण पैसे घेऊन शिकवते, ते या खेळात फुकट होते. आणि त्यालाच वेळ घालवणे म्हणण्यात मध्यमवर्गाची चूक झाली.

गलीचा ऱ्हास कोणी केला नाही, तो जमिनीबरोबर झाला. कल्याणची नगरपालिका १८५५ ची आणि ठाण्याची १८६३ ची, पण दोन्ही गावांतील वाड्यांची अंगणे त्यानंतरही शंभर वर्षे मातीचीच राहिली. कल्याणात पारनाक्याच्या बाजूला आणि ठाण्यात चरई-नौपाड्यात ती बरीच उशिरापर्यंत टिकली. डोंबिवलीचे चित्र वेगळे. रोज लोकलने मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांचे हे गाव १९६० नंतर भराभर वाढले, १९६४ मध्ये औद्योगिक वसाहत आली, चाळी उठल्या आणि त्यांच्यामागून दोन-तीन मजली इमारती. १९८२ मध्ये ठाणे आणि १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. या काळात अंगणावर आधी कोबा आला, मग शहाबादी फरशी आणि शेवटी पेव्हर ब्लॉक. कोब्यात टाच रोवता येत नाही. त्यावर गोटी थांबतही नाही, म्हणून गलीचा डाव मागे पडून खडूने आखलेल्या रिंगणाचा डाव काही वर्षे चालला. त्यात टिपण्याचा नेम उरला, पण वेग मोजून खळग्यात विसावण्याची कला गेली. फरशीच्या सांध्यांनी आणि ब्लॉकच्या खाचांनी रिंगणही संपवले.

नेमाची हौस मात्र चाळीच्या सामाईक गॅलरीत सरकली, कारण कॅरमला जमीन लागत नाही. अखिल भारतीय कॅरम महासंघ १९५६ चा आणि आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ चा. गोट्यांना जे नाकारले गेले ते सारे, म्हणजे नियम, पंच, राष्ट्रीय स्पर्धा, या खेळाला मिळाले. येथे पृष्ठभाग ७३.५ ते ७४ सेंटिमीटरच्या चौकोनात बंदिस्त केला आहे, स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या आत आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची, आणि अंगण ओले की सुके हा जुना प्रश्न बोरिक पावडरच्या चिमटीने सोडवला जातो. पट्टीवरून परतणारा स्ट्रायकर, राणी घेतल्यावर तिच्यामागून लगेच घालावी लागणारी कव्हरची सोंगटी, खाली लोंबणारा दिवा, आणि मंडळाच्या गणेशोत्सवातील स्पर्धेत रात्री दोनपर्यंत जागणारा मजला : ठाणे-डोंबिवलीच्या दोन पिढ्या हाताचा वेग येथे मोजायला शिकल्या. तरी कॅरममध्ये सोंगटी घसरते, गडगडत नाही, आणि पृष्ठभाग वाचण्याची गरज जवळजवळ उरत नाही. गलीचा वारस म्हणून कॅरमकडे पाहताना हा फरक विसरता येणार नाही.

खारघरला सिडकोचे गोल्फ मैदान झाल्यावर ठाणे खाडीच्या पूर्वेकडच्या लोकांना हा खेळ थोडा जवळ आला, आणि नव्या गृहसंकुलांच्या सोयींच्या यादीत तरणतलावाशेजारी कृत्रिम गवताची पटिंगची जागाही आता छापली जाते. त्या गवताखाली काँक्रीटचा स्लॅब असतो आणि स्लॅबखाली मोटारी. तेथे पट मारायला शिकणाऱ्या मुलाला सांगण्यासारखे बरेच काही त्याच इमारतीतील आजोबांकडे आहे : रेघ किती पावलांवर असे, टिपताना कोणते बोट ताणत, हरल्यावर काय भोगावे लागे, आणि गल्लीगणिक बदलणारे ते शब्द व गणनेच्या संज्ञा. कल्याणच्या वाड्यांतील, ठाण्याच्या चाळींतील आणि ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीतील नियम एकसारखे नव्हते आणि ते लिहून ठेवलेले नाहीत. ज्यांना ते तोंडपाठ आहेत त्यांनी वहीच्या एका पानावर अंगणाची आकृती काढून, रेघ आणि गल दाखवून, ते आजच उतरवून ठेवावेत.